अ-नऊविरुद्ध तक्रार

वारणाबन महाविद्यालयात 'यस सर' म्हणायची पद्धत बंद होऊन अकरा वर्षं झाली होती. तिथं हजेरी हवाच घेत असे.

प्रत्येक वर्गाच्या छताला, पंख्याच्या शेजारी, पोळपाटाएवढी एक जाळीदार तबकडी बसवलेली होती. ती वर्गातली हवा ओढून घेई आणि कोण कोण बसलं आहे याची यादी दहा मिनिटांत कार्यालयात पाठवी. मागच्या बाकावर झोपलेल्यांची हजेरी लागे, सिनेमाला गेलेल्यांची लागत नसे. मित्राच्या नावानं 'यस सर' ओरडायची जी थोर परंपरा आपल्या कॉलेजांनी पिढ्यान् पिढ्या जपली होती, ती या तबकडीनं एका सत्रात बुडवली. जुने शिपाई अजून त्याबद्दल हळहळत.

यामागची कल्पना तशी सोपी होती. प्रत्येक माणसाच्या कातडीवर, केसांत, श्वासात कोट्यवधी सूक्ष्मजीव राहतात आणि ते सतत झडत असतात. माणूस जिथं बसतो तिथं त्याच्याभोवती या जिवांचा एक न दिसणारा ढग जमतो, आणि माणूस उठून गेला तरी तासभर तिथंच रेंगाळतो. शास्त्रज्ञ त्याला 'जीववलय' म्हणत, पोरं नुसतं 'वलय' म्हणत. कुणाच्या अंगावर कुठले जीव किती, हे प्रमाण ज्याचं त्याचं, अंगठ्याच्या ठशासारखं वेगळं. मोठ्या साथीनंतर आजार कुठं पसरतोय हे कळावं म्हणून ही यंत्रं आली. साथ गेली, यंत्रं राहिली, आणि राहिलेल्या यंत्राला काहीतरी काम द्यायलाच हवं म्हणून त्याच्यावर हजेरी सोपवली.

उन्मेष मगदूम भूगोलाच्या एम.ए.ला होता. 'कमवा आणि शिका' योजनेत बाकीची पोरं बागेला पाणी घालत, ग्रंथालयातली पुस्तकं पुसत. उन्मेषच्या वाट्याला पेटी आली होती. सूक्ष्मजीवशास्त्राच्या डॉ. सुमती हेरवाडकर यांना माणसांची वलयं एकमेकांत कशी मिसळतात याचा अभ्यास करायचा होता. त्यासाठी कॉलेजच्या आवारातल्या चौतीस जागांची हवा रोज दोनदा गोळा करायची असे. नियम साधे होते. पेटी ठेवायची, वीस पावलं मागं जाऊन उभं राहायचं, दहा मिनिटांनी पेटी उचलायची.

आणखी एक रीत होती, तिला प्रयोगशाळेत 'वजावट' म्हणत. पेटी वाहणाऱ्याचं स्वतःचं वलय थोडंफार पेटीत शिरणारच. म्हणून त्याच्या वलयाचा नमुना आधीच यंत्रात भरून ठेवलेला असे, आणि तांदळातले खडे आधी वेचून टाकावेत तसं यंत्र प्रत्येक नोंदीतून ते वलय काढून टाकी. त्यामुळं उन्मेषच्या नोंदींत सगळं कॉलेज असे, फक्त उन्मेष नसे.

नोंदींत नावं नसत, क्रमांक असत. कुठला क्रमांक कुणाचा हे सांगणारी वही हेरवाडकर मॅडमच्या कपाटात कुलपात होती. पण उन्मेषला एक क्रमांक ठाऊक होता. एकवीस-सतरा. तो केतकी बिरनाळेचा होता.

केतकी एम.एस्सी. गणिताला होती, मुलींच्या वसतिगृहात राहायची, दुपारी संगीत कक्षात हार्मोनियम वाजवायची. जानेवारीत स्नेहसंमेलनाच्या तयारीत दोघं एका गटात होती. एका दुपारी कँटीनबाहेरच्या दगडी टेबलावर बसून तिनं घरून आलेला भडंगाचा पुडा त्याच्यापुढं केला होता. चाळीस मिनिटं दोघं गप्पा मारत बसली होती. ती त्याच्या एका विनोदावर एवढी हसली की तिला ठसका लागला. उन्मेषनं त्या चाळीस मिनिटांवर सगळं घर बांधलं, खिडक्या-दारांसकट.

फेब्रुवारीत त्यानं तिला विचारलं. ती स्वच्छ म्हणाली, "मला तसं काही वाटत नाही, उन्मेष. पुढंही वाटणार नाही. राग मानू नको." एवढ्यातला 'राग मानू नको' हा शेवटचा भाग तेवढा उन्मेषनं घरी नेला. बाकीचा तिथंच पडून राहिला.

त्यानंतर त्यानं तिला त्रास दिला नाही, असं त्याचं ठाम मत होतं. फोन केला नाही, संदेश पाठवला नाही, वाटेत अडवलं नाही. एका सकाळी केतकी बागेत एकटीच बसली असताना पेटीत एकच क्रमांक उमटला, तेव्हा तिचा क्रमांक त्याला आपसूक कळला. कळलेलं विसरता येतं थोडंच? मग रोज संध्याकाळी चौतीस जागांच्या नोंदी उतरवताना तो आधी एकवीस-सतरा शोधू लागला. आज ग्रंथालयाच्या पूर्वेच्या खिडकीत पन्नास मिनिटं. आज कँटीनमध्ये बारा. आज संगीत कक्षात सव्वा तास. 'मी काय तिच्या मागं जातोय?' तो स्वतःला सांगे. 'ती गेल्यावर जातो.'

आणि ती गेल्यावर तो जाई. वीस पावलांचा नियम तो बाकी सगळीकडं पाळे. तिच्या जागांवर मात्र पेटी बाजूला ठेवून तिच्या खुर्चीतच बसे. मार्चमध्ये तिची निळी ओढणी ग्रंथालयाच्या त्या खिडकीपाशी राहिली होती. ती परत द्यायची होतीच. उशीखाली ठेवली म्हणजे विसरायला होणार नाही, म्हणून तिथं ठेवली, आणि रोज सकाळी तो ती द्यायची विसरत गेला.

जुलैत उन्मेषला विषमज्वर झाला. गावी जाऊन चौदा दिवस डॉक्टरांची औषधं घ्यावी लागली. ऑगस्टमध्ये परत आला तेव्हा प्रयोगशाळेच्या संगणकानं त्याला नेहमीचा प्रश्न विचारला: 'गेल्या महिन्यात प्रतिजैविक औषधं घेतली आहेत का?'

हा प्रश्न कशासाठी असतो हे मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तेव्हा उन्मेषनं विचारलं होतं, "औषधानं वलय बदलतं म्हणजे नेमकं काय होतं, मॅडम? मी भूगोलवाला, मला सोपं करून सांगा."

"शेत नांगरलं की काय होतं?" मॅडम म्हणाल्या होत्या. "आधीचं सगळं उपटलं जातं. मग रिकाम्या रानात जे बी उडून येईल ते उगवतं. औषधानं अंगावरचे जुने जीव जातात, आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत तू ज्यांच्यात वावरशील त्यांचे जीव तुझ्या अंगावर घर करतात. मग तू यंत्रापुरता नवा माणूस. तुझी वजावट नव्यानं भरावी लागते."

वजावट नव्यानं भरायची म्हणजे तीन दिवस प्रयोगशाळेतल्या बंद खोलीत बसून नमुने द्यायचे. ते तीन दिवस पेटी दुसऱ्या कुणाच्या तरी हातात जाणार. दुसरंच कुणी ग्रंथालयाच्या खिडकीपाशी जाणार, दुसरंच कुणी एकवीस-सतरा वाचणार. हे उन्मेषला नको होतं. आधीच आजारपणात महिना गेला होता. त्यानं 'नाही' वर बोट टेकवलं. तबकडीला आपण ओळखू येणार नाही आणि हजेरी बुडेल याची त्याला फिकीर नव्हती, वर्गात तो हल्ली तसाही फिरकत नसे.

आठ दिवसांनी नोंदीत अ-नऊ उमटला.

यंत्राला ओळखता न आलेल्या वलयाला ते 'अ' लावून क्रमांक देई. अ म्हणजे अनोळखी. पाहुणे, पालक, दूधवाले यांचे असे क्रमांक अधूनमधून येत आणि जात. पण अ-नऊ गेला नाही. ग्रंथालयाच्या पूर्वेच्या खिडकीत एकवीस-सतरा पन्नास मिनिटं, आणि त्यावर अ-नऊ वीस मिनिटं. संगीत कक्षात, हार्मोनियमपुढच्या सतरंजीवर, पुन्हा अ-नऊ. कँटीनबाहेरच्या त्या दगडी टेबलावरसुद्धा, जिथं भडंग खाल्लं होतं तिथं, अ-नऊ!

उन्मेष संगणकापुढं किती वेळ बसला याचं त्याला भान राहिलं नाही. कोण आहे हा? कॉलेजातला नाही, नाहीतर क्रमांक असता. म्हणजे बाहेरचा. बाहेरचा म्हणजे गाडीवाला. त्याच्या मनानं अ-नऊला एक काळी मोटारसायकल दिली, गॉगल दिला, रुंद खांदे दिले आणि खिशात पैसे दिले. जे जे उन्मेषकडं नव्हतं ते सगळं अ-नऊला मिळालं. मत्सराला माणूस लागत नाही, क्रमांक पुरतो.

बाकीच्या तीस-एक जागांतही अ-नऊ अगदी फिकट दिसे, एक टक्का, दीड टक्का. उन्मेषनं त्याचाही अर्थ लावला. हरामखोर सगळ्या आवारात हिंडतो, तिला हुडकत हिंडतो, आणि ती सापडली की तिथं ठाण मांडतो.

त्याला पकडायचाच, असं ठरवून उन्मेष तिच्या जागांवर आणखी वेळ बसू लागला. केतकी उठून गेली की तो खिडकीच्या खुर्चीत पाऊण-पाऊण तास दबा धरून बसे, डोळे दाराकडं. कुणी येत नसे. संध्याकाळी नोंद बघावी तर अ-नऊ वीसवरून पंचेचाळीस मिनिटांवर गेलेला. उन्मेष कपाळावर हात मारून घेई. आपण यायच्या आधीच बेटा बसून गेला! उद्या आणखी लवकर यायला हवं.

एका दुपारी त्यानं मॅडमना सहज विचारल्यासारखं विचारलं, "मॅडम, दोन वलयं सारखी एकाच जागी सापडली तर त्यांचं काही आहे असं म्हणता येतं का?"

मॅडम डबा खात होत्या. चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "नुसती सापडली तर नाही. बसच्या बाकावर शंभर जणांची वलयं असतात. पण दोन माणसं एकमेकांच्या सहवासात राहिली की एकाचे जीव दुसऱ्याच्या अंगावर वस्तीला येतात. किती आले ते मोजता येतं. त्याला आम्ही सहवासांक म्हणतो. वर्गातल्या दोघांचा एक-दोन, एका खोलीत राहणाऱ्या मैत्रिणींचा दहा-बारा. नवराबायकोचा तीसपर्यंत जातो, मग ती बोलत असोत वा नसोत. आमच्या घरी माझा कुत्र्याशी बावीस आहे, ह्यांच्याशी एकोणीस." आणि त्या स्वतःच हसल्या.

उन्मेष हसला नाही. त्या संध्याकाळी त्यानं एकवीस-सतरा आणि अ-नऊ यांचा सहवासांक काढला. सात. पुढच्या आठवड्यात अकरा. त्याच्या पुढच्या आठवड्यात चौदा. वर्गातल्यांचा दोन, मैत्रिणींचा बारा, आणि या परक्याचा चौदा! तो जेवला नाही. उशीखालची ओढणी काढून त्यानं तोंडावर घेतली आणि ती दोघं कुठं भेटत असतील, किती जवळ बसत असतील, याची चित्रं स्वतःच रंगवून स्वतःच भाजून निघाला.

त्यात आणखी एक गोष्ट घडत होती. एकवीस-सतरा विरळ होत चालला होता. खिडकीत पन्नासाची वीस मिनिटं झाली, मग पाच, मग शून्य. कँटीनमध्ये शून्य. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात संगीत कक्षातही शून्य. उन्मेषला याचा एकच अर्थ सुचला. त्यांनी लपून भेटायची जागा शोधली आहे.

त्याच्या खोलीत राहणारा दौलत शिंगाडे हा शेतकीचा विद्यार्थी, बोलायला रोखठोक. तो एके सकाळी दात घासता घासता म्हणाला, "उन्म्या, ती बिरनाळे तुला बघून रस्ता बदलती. काल मी डोळ्यानं बघितलं. तू पेटी घेऊन यायलास म्हटल्यावर हातातला चहा तसाच ठेवून उठली."

"माझ्यामुळं न्हवं. त्या अ-नऊमुळं. भेदरलीया ती."

"कोण अ-नऊ? मला तर तिच्या मागं एकच माणूस दिसायलाय."

"कोण?" उन्मेष ताडकन उभा राहिला. "कसा दिसतोय? गाडी हाय का त्याच्याकडं?"

तोंडातला फेस थुंकून दौलत म्हणाला, "जाऊ दे. तुला सांगून उपयोग न्हाई."

'भेदरलीया' हा शब्द उन्मेषच्या तोंडून सहज गेला होता, पण तो त्याच्याच मनात रुतला. खरंच, ती भेदरली असेल तर? हा अ-नऊ तिचा कुणी नसेलच, नुसता पाठलाग करणारा असेल तर? विचार करता करता त्याला हलकं वाटू लागलं. म्हणजे ती त्याची नव्हती! आणि आपल्याजवळ तर सगळा पुरावा होता. कुठल्या दिवशी, कुठल्या जागी, किती मिनिटं. सहा आठवड्यांच्या नोंदी. तिला यातून सोडवणारा माणूस एकच असू शकत होता.

दोन दिवस बसून उन्मेषनं तक्रार लिहिली. आयुष्यात इतकं नीट काम त्यानं कधी केलं नव्हतं. तक्ते काढले, आवाराच्या नकाशावर अ-नऊच्या जागा तांबड्या शाईनं भरल्या, भूगोलवाला असल्यामुळं ते उत्तम जमलं. 'सदर इसम कु. बिरनाळे यांच्या मागावर असून, त्या जागा सोडताच तेथे जाऊन बसतो, त्यामुळे त्यांचे आवारात फिरणे बंद झाले आहे,' असं त्यानं शेवटी लिहिलं आणि खाली सही केली. हेरवाडकर मॅडम कॉलेजच्या तक्रार समितीवरही होत्या. त्यांनी कागद शांतपणे वाचले. नंतर विचारलं, "एकवीस-सतरा केतकीचा आहे हे तुला कसं कळलं?"

"योगायोगानं, मॅडम."

मॅडमनी कागद कपाटात ठेवले. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता त्यांनी त्याला आणि केतकीला प्रयोगशाळेत बोलावलं.

केतकी आधीच आली होती. उन्मेष आत आला तशी ती उठून टेबलाच्या पार पलीकडच्या टोकाच्या स्टुलावर जाऊन बसली. लाजली असेल, असं त्याला वाटलं. किती वाळली होती ती! त्याला अ-नऊचा नव्यानं संताप आला.

मॅडमनी तक्रार वाचून दाखवली. केतकी ऐकता ऐकता पुढं सरकली. खिडकी, दगडी टेबल, सतरंजी, एकेक जागा आली तशी ती बोटांवर मोजू लागली. शेवटी तिनं विचारलं, "ही तक्रार... यानं केलीय?"

"हो," उन्मेष म्हणाला. "तू घाबरू नको. आता सापडेल तो."

"हा पुरावा म्हणून वापरायचा आहे," मॅडम म्हणाल्या. "त्यामुळं वजावट पक्की हवी. खोलीतल्या प्रत्येकानं आत्ता ताजा नमुना द्यायचा. आधी मी." त्यांनी पेटीच्या झरोक्यात हात घातला. पडद्यावर त्यांचा क्रमांक उमटला. मग केतकीनं घातला. एकवीस-सतरा. उन्मेषनं बाही सारली आणि मोठ्या उत्साहानं हात आत घातला.

पेटी गुरगुरली. पडद्यावर अक्षरं आली: अ-नऊ.

"यंत्र बिघडलंय," उन्मेष म्हणाला. त्यानं हात काढून पुसला, पुन्हा घातला. अ-नऊ. डावा घातला. अ-नऊ.

"वजावट कधी नवी केलीस?" मॅडमनी विचारलं. "जुलैत तू औषधं घेतलीस, आणि 'नाही' लिहिलंस?"

उन्मेषला काळी मोटारसायकल आठवली. गॉगल आठवला. तो माणूस कुठं गेला, असं त्याला खरंच एक क्षण वाटलं. "पण मॅडम," तो पुटपुटला, "सहवासांक चौदा होता. मी तर तिला हातसुद्धा लावला नाही. हे कसं होईल?"

"रान नुकतं नांगरलेलं होतं. तू रोज पाऊण तास तिच्या खुर्चीत बसलास. तिच्या वस्तूंपैकी तुझ्याकडं काही आहे का?"

"ओढणी," उन्मेष म्हणाला. "परत द्यायची होती."

केतकी ओढणीचं ऐकून डोळे मिटून बसली. मग बोलू लागली ती त्याच्याकडं न बघता. "मी कुणाला काय सांगणार होते, मॅडम? ह्यानं शिट्टी मारली नाही, फोन केला नाही. वही विसरले म्हणून परत गेले की माझ्या खुर्चीत हा. हार्मोनियम बंद करून बाहेर पडले की जिन्याखाली हा. हातात पेटी. कामच त्याचं ते, कोण काय बोलणार? मैत्रिणी म्हणाल्या, तुलाच भास होतात. मी खिडकी सोडली. चहा सोडला. हार्मोनियम सोडलं. मला वाटायचं एकेक जागा सोडली की संपेल."

"मी कधी तुझ्या मागं आलो नाही, केतकी," उन्मेष म्हणाला. त्याचा आवाज रडवेला झाला होता. "तू गेल्यावर जायचो."

"म्हणूनच तर," ती म्हणाली. "मी गेल्यावरसुद्धा मला तिथून जाता येत नव्हतं."

समितीनं उन्मेषला वर्षभरासाठी कॉलेजातून आणि वसतिगृहातून काढलं. पुरावा त्याचाच असल्यामुळं चौकशीला वेळ लागला नाही. दौलतनं त्याची ट्रंक बसवर चढवून दिली आणि "नीट ऱ्हा" एवढंच म्हणाला.

तीन आठवड्यांनी हेरवाडकर मॅडम त्याच्या गावी आल्या. दारालगतच्या सोप्यातल्या बाजेवर बसून त्यांनी उन्मेषच्या आईच्या हातचा चहा घेतला. आई आत गेल्यावर पिशवीतून एक औषधाचा खोका काढून बाजेवर ठेवला.

"मुलींच्या वसतिगृहाच्या दाराला आम्ही घंटा बसवली," त्या म्हणाल्या. "अ-नऊ जवळ आला की वाजणारी. केतकीला तेवढाच धीर यावा म्हणून. पहिल्याच संध्याकाळी वाजली. दारात केतकीच उभी होती."

उन्मेषला कळलं नाही.

"प्रयोगशाळेत दिलेल्या तुझ्या नमुन्यात तिचा एकोणीस टक्के भाग आहे. घंटेचं यंत्र पेटीइतकं बारीक ओळखत नाही, त्याला तुझा माग दिला की ते तिलाही धरतं. तिच्या स्वतःच्या दारात, दिवसातून सहा-सहा वेळा, तुझ्या नावाची घंटा तिच्यासाठी वाजते. सगळ्या पोरी वळून बघतात. घंटा कमी हळवी केली तर मग तिच्याबरोबर तूही सुटशील."

एकोणीस. उन्मेषला आनंद झाला. तो त्यानं लगेच दडपला, पण झाला खरा.

"ही 'निवळणी'," मॅडमनी खोक्यावर बोट ठेवलं. "पाणी निवळतं तसं वलय निवळून टाकणारं औषध. सात दिवस गोळ्या आणि तेच औषध घातलेल्या पाण्यानं अंघोळ. पोट बिघडतं, अशक्तपणा येतो, पण तुझ्या अंगावरचं तिचं सगळं जातं. मग यंत्राला तुम्ही दोघं वेगळे. कायद्यानं कुणावर औषधाची सक्ती करता येत नाही, म्हणून मी विचारायला आले आहे. ती म्हणत होती, मीच घेते. मी म्हटलं, तू का म्हणून?"

उन्मेष खोक्याकडं बघत राहिला. फोन नाही, फोटो नाही, ओढणीही समितीनं घेतली. तिचं म्हणून त्याच्याजवळ एवढंच होतं, कातडीवर, कुणाला न दिसणारं. आणि तेच धुऊन टाक म्हणत होत्या. "मला तीन दिवस द्या, मॅडम," तो म्हणाला. "विचार करतो."

पहिल्या दिवशी त्यानं खोका उघडला. दुसऱ्या दिवशी एक गोळी काढून तळहातावर घेतली आणि परत ठेवली. त्याला शरम वाटत नव्हती असं नाही, भरपूर वाटत होती. तो तिची माफी मनातल्या मनात रोज मागत होता. पण गोळी गिळायची वेळ आली की अ-नऊचा हेवा वाटे. उन्मेषला तिनं चाळीस मिनिटं दिली होती, तीही मोजून. अ-नऊजवळ मात्र ती अष्टौप्रहर होती. त्याला मारायचं म्हणजे तिला हाकलून द्यायचं. तिसऱ्या दिवशी त्यानं ठरवलं, सोमवारपासून सुरू करू. सोमवारी गावची जत्रा होती, मग अमावास्या आली.

पंधराव्या दिवशी सकाळी मॅडमचा फोन आला.

"तो खोका परत पाठवून दे," त्या म्हणाल्या. "गरज राहिली नाही."

"का, मॅडम?"

"तू तीन दिवस मागितलेस. तीन दिवसांत घंटा सतरा वेळा वाजली. चौथ्या दिवशी केतकीनं मला न सांगता निवळणी घेतली. आठ दिवस तापानं अंथरुणावर होती, एक पेपर बुडाला. आज वर्गात आली. तिची हजेरी नव्या क्रमांकानं लागली. एकवीस-सतरा आम्ही बंद केला. आता तो कुणाचाच नाही."

तिनं स्वतःला नांगरून टाकलं होतं, मुळापासून. लहानपणापासूनचं, आईबापाचं, बहिणीचं, सगळं उपटून ती यंत्रासाठी परकी झाली होती, का तर त्याला एक गोळी गिळता आली नव्हती. हे त्याला कळलं, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि ते पाणी खाली ओघळायच्या आत दुसरा विचार आला: रिकामं रान. तिच्याशेजारी आता कोण बसत असेल? कुणाचं बी पडत असेल?

"नवा क्रमांक किती आहे, मॅडम?"

हे आपणच विचारलं हे त्याला ऐकू आल्यावर कळलं. पलीकडं वर्ग सुटल्याचा गलका ऐकू येत होता, पोरी हसत जिना उतरत होत्या. मग मॅडमनी फोन बंद केला.

आतून आईनं विचारलं, "कुणाचा रं फोन?"